अहवालावरची बारव

वाडी (चकलांब्याजवळ),
दि. ६ ऑक्टोबर १९८६

चि. बंकट यास मनकर्णाआक्काचे आशीर्वाद. पत्रास कारण की, डोकं तापलंय. तुझी खुशाली राग उतरल्यावर विचारीन.

तीन वर्सांमागं नवरात्रात तू आपल्या बारवेचा फोटो काढायला आलतास. तरवड पिवळाधमक फुललेला, पाणी वरच्या पायरीला लागलेलं. म्हणालास, आक्का, तुमी बाया जरा बाजूला व्हा, जुनं बांधकाम कसं निवांत दिसलं पाहिजे. मी भरली घागर घेऊन बाभळीखाली उभी राहिले. कौतुकानं!

तोच फोटो यंदा साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालावर छापलाय. खाली लिवलंय, चेअरमनसाहेबांच्या प्रयत्नांनी यंदा तुडुंब भरलेली बारव. अरे, कसली यंदा? यंदा बारवेच्या तळाला शेळ्या बसतात! तुझे दाजी टँकर मागायला तालुक्याला गेलते, तर तिथल्या साहेबानं अहवालच पुढं टाकला. म्हणे, एवढं पाणी हाय, वापरायला माणूस सुद्धा दिसत न्हाई, टँकर कशाला? दाजी म्हणाले फोटो जुना हाय, तर म्हणे, तरवड फुललाय की, आत्ताचाच दिसतो. आता त्याला कोण सांगावं, तरवड दुष्काळात बी फुलतो!

काल कोरड्या नदीत पाण्यासाठी वाळूत झिरा उकरताना शेजारच्या बायनाबाईवर दरड ढासळली. हात मोडला बिचारीचा, एका घागरीपायी. कारखान्याला फोटो यंदाचा म्हणून कुणी सांगितलं, ते उलट टपाली कळव. पाणी येईस्तोवर माझी माया धरून चालू नकोस.

मनकर्णाआक्का


अंबाजोगाई,
दि. ११ ऑक्टोबर १९८६

ति. आक्कास बंकटचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. बायनाबाईंना जपायला सांग. पण आक्का, फोटोखालची ओळ कारखान्याच्या ऑफिसातली, माझी नव्हे. मी फक्त फोटो दिला. आता हे जाहीर बोललो तर चेअरमनसाहेबांची शोभा होईल. त्यांची सभा, गळीत हंगामाचं मोळीपूजन, सगळे फोटो माझ्याकडं असतात. स्टुडिओ त्याच्यावर चालतो, हे तुला ठाऊक आहे. दाजींना म्हणावं, पुन्हा एक अर्ज करा. दिवाळीनंतर मी चेअरमनसाहेबांच्या कानावर घालून बघतो. तुझा राग लहानपणापासून असाच, आधी लाटणं फेकायचं आणि मग बोलायचं. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा बंकट


वाडी,
दि. १५ ऑक्टोबर १९८६

बंकट यास,

चिरंजीव लिवायला हात धजंना. कुणी सांगितलं ते विचारलं होतं, त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं लिवलंस. म्हणजे तूच! दिवाळीनंतर कानावर घालतोस? तवर लेकरांनी काय थुंकी गिळावी?

एक सांग, फोटो धुवायला तुला किती पाणी लागतं रे? आमच्याकडं अंगावरचं लुगडं धुऊन अकरा दिवस झाले. शेजारच्या गावच्या हिरीवर आमच्या बाया हात जोडून उभ्या राहतात, अन् त्या गावचे लोक म्हणतात, तुमची बारव तर छापून आलीय!

कॅमेरा घे अन् पहिल्या गाडीनं ये. न आलास तर भाऊबीजेचा पाट मी बाभळीला टांगून ठेवीन.

आक्का


अंबाजोगाई,
दि. २३ ऑक्टोबर १९८६

ति. आक्कास सा. नमस्कार.

परवा काढलेला फोटो सोबत आहे. तू वरच्या पायरीवर, बाकीच्या बाया खालपर्यंत, अन् अगदी तळाला कोरड्या दगडावर हात गळ्यात बांधून बायनाबाई. मागं तरवड तसाच पिवळा.

वाडीला आलो तेव्हा सांगायचं टाळलं, ते आता लिहितो. कारखान्यानं यंदाचाच फोटो मागितला होता. दोन गाड्या बदलून वाडीला यायचा मी कंटाळा केला. खणातला जुना काढून दिला अन् यंदाचा आहे म्हणालो. हे सगळं नव्या फोटोच्या मागं लिहून, खाली सही करून, तालुक्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. त्यांनी उलटसुलट करून दोनदा पाहिला. संध्याकाळीच कारखान्याचा निरोप आला, मोळीपूजनाला येऊ नका. रात्री स्टुडिओच्या भाड्याचा हिशोब मांडत बसलो, खोटं कशाला सांगू. पण तुला राग धरायचा हक्क आहे.

बंकट


वाडी,
दि. ३० ऑक्टोबर १९८६

चि. बंकट यास आक्काचे आशीर्वाद.

मंगळवारी टँकर आला. पाणी बारवेतच सोडतात, मग आमी शेंदून घेतो. पैल्या दिवशी बायनाबाईची घागर आधी भरली.

पण ऐक गंमत. टँकर मोकळा होतोय न् होतोय तोच कारखान्याची जीप आली. आत नवा फोटोवाला, गळ्यात तुझ्यापेक्षा मोठा कॅमेरा! बारवेत पाणी दिसतंय तवर फोटो घ्यायचा, म्हणजे अहवाल खरा. आमाला म्हणतो, मावशी, बाजूला व्हा, अन् तो टँकर बी जरा मागं घ्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! म्हणलं, आमच्या सख्ख्या भावासाठी एकदा बाजूला झालतो, तेवढं बास. एक बी बाई हलली न्हाई. बायनाबाई तर गळ्यातला हात घेऊन पार पुढं येऊन बसली. टँकरवाला बी इंजिन बंद करून बिडी ओढीत बसला. तासभर वाट बघून जीप गेली.

मोळीपूजनाचं काम गेलं त्याचं मला बी लागतंय. पण तुझ्यावरचा राग समदा गेला असं समजू नकोस. भाऊबीजेला ये. पाट बाभळीवरून काढलाय. आंघोळीचं पाणी मात्र तूच बारवेतून वर आणायचं, पायऱ्या किती हायत ते तुला बी कळू दे.

माया परत चालू केली हाय, जपून वापर.

तुझी मनकर्णाआक्का