ओळखीचा पाय

८ जानेवारी

उभ्या ट्रकमागून निघालो आणि बस हातभर अंतरावर थांबली. मास्तर मान हलवून म्हणाले, उशीर झाला, पुन्हा. दिवसभर हेच. नव्या बसचालकांना रस्त्यातला धोका वेळेवर ओळखता यावा म्हणून शिकवणी केंद्राला एक धोका हवा होता. तो मी. पोरं मला धोकेबुवा म्हणतात. घरी ही पोट धरून हसली. म्हणाली, जन्मभर नडला तो लंगडा पाय, आता तोच आपल्याला पोसणार. लेकीला, चिमणीला, नवं दप्तर घेतलं. ते पाठीवर घेऊनच ती झोपली.

१९ जानेवारी

पोरं तयार झाली. मास्तर सांगतात, ट्रककडे नका बघू, ट्रकखाली बघा. माणसाआधी त्याचे पाय दिसतात. माझा डावा पाय जमिनीला घासत येतो. तो दिसला की ब्रेक. आता मी बाहेर पडायच्या आतच बस उभी असते. मी सुचवलं, कधी सायकल आणावी, कधी एखादी बाई. मास्तर म्हणाले, धोक्याने धोक्यासारखं राहावं, मास्तरकी करू नये. सगळे हसले. मीही.

२ फेब्रुवारी

सगळी तुकडी पास. पोरं आता गावातल्या बस चालवतात. संध्याकाळी चिमणीचं बोट धरून रस्ता ओलांडत होतो, तर बस लांबूनच थांबली. चालकाने सलाम ठोकला. चिमणीने विचारलं, बाबा, तुम्ही राजा आहात का? हो म्हटलं.

९ फेब्रुवारी

बसने एका म्हाताऱ्याला चिरडलं. पिशवी घेऊन सरळ चालला होता, भर दुपारी. चालक आमच्या तुकडीतला. रडून सांगत होता, शपथेवर सांगतो, रस्ता मोकळा होता.

१३ फेब्रुवारी

आज दूध घालणारी बाई. हाही चालक आमचाच. हाही म्हणतो, रस्ता मोकळा होता. तीच बस त्याआधी चौकात माझ्यासाठी थांबली होती.

मास्तरांकडे गेलो. सांगितलं, पोरं धोका शिकलीच नाहीत, फक्त माझा पाय शिकली. मास्तरांनी निकाल दाखवला. म्हणाले, तुझी काय तक्रार? तुझ्यासाठी थांबतात ना?

१४ फेब्रुवारी

चिमणीची शाळा रस्त्यापलीकडे आहे. सकाळी मी सोडतो. सुटते तेव्हा मी कामावर. आज येताना बस इतकी खेटून गेली की चिमणीच्या हातातला डबा उडाला. ही म्हणते, देव तारी त्याला कोण मारी. शाळा बंद करू म्हटलं. म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय.

१६ फेब्रुवारी

चिमणीला लंगडायला शिकवतो. खेळ म्हणून. डावा पाय घासायचा. छान करते. पण लगेच विसरते, उड्या मारत सुटते. हिने पाहिलं. धडधाकट लेकराला ही कसली अवदसा शिकवताय, म्हणून —

१७ फेब्रुवारी

रस्त्यावर करून पाहिलं. मी झाडामागे. ती लंगडली, बस मंदावली. ती विसरली. बसने वेग —

ओढून घेतली. थोडक्यात.

उद्या कोण ओढणार?

१८ फेब्रुवारी

ही बहिणीकडे गेली आहे. संध्याकाळी येईल. चिमणीला आज शाळेत सोडलं नाही. चित्र काढते आहे. राजाचं.

शिकवून होणार नाही. विसरायला जागाच नको.

हातोडीला फडकं गुंडाळलं. तिला म्हटलं, डोळे मिट, एक गंमत — मिटले तिने. हसते आहे. फक्त एकदाच. डावा —

१९ फेब्रुवारी

सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पाय घासत. ही माझ्याकडे बघत नाही. नंतर केंद्राचा शिपाई निरोप घेऊन आला. माझं म्हणणं मास्तरांना पटलं. सगळे चालक पुन्हा शिकवणीला बोलावले आहेत. पहिला धडा, घासत्या पायाची सवय मोडायची. नवा माणूस ठेवला आहे. तो सरळ चालतो.