एक्केचाळिसावा सेकंद

२ जून, सोमवार
झाले बाई एकदाची रुजू! सकाळच्या एसटीनं शिरूरहून दौंडला आले. खोली रेल्वे कॉलनीच्या मागं मिळाली. पंखा खडखडतो, पण पाणी दिवसभर, म्हणजे आमच्या गल्लीपेक्षा चैनच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, डबा घेतला आणि ऑफिस गाठलं. ऑफिस म्हणजे मार्केट यार्डाजवळ भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. ‘भीमाकाठ बातमी’ नावाची वेबसाइट आहे. तालुक्याच्या बातम्या, बाजारभाव, व्हिडिओ. कुणाचं पान उघडत नाही, कुणाचा व्हिडिओ अडकतो, अशांचे फोन घ्यायचे आणि एकेक पायरी सांगून चालू करून द्यायचं, हे माझं काम. मालक पुण्यात असतात. इथं मी आणि सतीश. सतीश व्हिडिओ काढतो, कापतो, साइटवर चढवतो. दिवसभरात चार शब्द बोलला असेल. माझं उलट. आई म्हणते, गौतमीला तोंड आवरत नाही, तर तिला तोंडाचीच नोकरी लागली.

पहिल्याच दिवशी अकरा फोन. एका आबांनी मोबाइलचा आवाज बारीक ठेवून तुमची बातमी मुकी हाय म्हणून मलाच झापलं. मी आवाज वाढवून दिला तेव्हा लाजले बिचारे. मजा आली.

५ जून, गुरुवार
आजची तक्रार वेगळीच. भांडगावच्या गोकुळचा फोन, त्याचं खताचं दुकान आहे. म्हणाला, बाजारभाव दाबा, हवामान दाबा, काय पण दाबा, एकच व्हिडिओ उघडतोय. दोन वर्षांपूर्वीचा: ‘मुलं पळवणारी बाई रंगेहाथ’. हायवेच्या थांब्यावर लोक एका बाईला बडवताहेत. बरोबर एक्केचाळिसाव्या सेकंदाला अडकतो, नुसता गोल फिरत राहतो. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र सगळी पानं नीट उघडत होती.

मी त्याला हिस्ट्री काढायला लावली, साठलेला डाटा साफ करायला लावला, साइट बंद करून परत उघडायला लावली. पानं काही सुधारली नाहीत, पण व्हिडिओ पुढं धावला. गडी खूश. फोन न ठेवताच बघत बसला. पलीकडून चपलांचे फटके ऐकू येत होते, व्हिडिओतलेच असणार. मग तो ‘आई गं’ म्हणाला आणि फोन कट झाला. रेंज गेली असेल. रजिस्टरला लिहिलं, तक्रार निकाली.

७ जून, शनिवार
गोकुळ गेला. आमच्याच साइटवर बातमी आहे. शटर आतून बंद, आणि अंगभर चपलांचे वळ. वेळ आमचा फोन झाला तीच.

सतीशला विचारलं, त्या व्हिडिओत गोकुळ आहे का? तो जेवता जेवता थांबला आणि मग सगळंच बोलला. बाईचं नाव नकुशी, खुटबावची, शेवंती विकायची. कडेवरचं पोर तिच्याच लेकीची लेक. पोर रडत होतं, कुणीतरी चोर म्हणालं, आणि पहिली चप्पल गोकुळनं उगारली. नकुशी तिसऱ्या दिवशी गेली. मार खाण्याआधी ती नातीचं नाव घेऊन गयावया करत होती, तेवढं सतीशनं कापलं. इथली रीतच आहे म्हणे, आधीची बोलाचाली कापायची, सुरुवात मारामारीपासून करायची, नाहीतर कुणी बघत नाही. मारणाऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.

माझं टाळकंच सरकलं. अख्खी फाईल घरी आहे, गुरुवारी गावाहून आणतो, त्यातल्या एका माणसाबद्दल तुला सांगायचंय, असं सतीश म्हणत होता. मी म्हटलं, मला तुझं एक अक्षर ऐकायचं नाही. मग तो व्हिडिओ वीसेक वेळा बघितला, रडले. गोकुळचं आता वाईट वाटत नाही.

९ जून, सोमवार
भाजीवाल्या अनसाबाईचा फोन. काहीही दाबलं की तोच व्हिडिओ, एक्केचाळिसावर अडकतो. आवाज लगेच ओळखला. व्हिडिओत ‘हाणा सटवीला’ ओरडणारी हीच.

बघू नका, तसाच अडकू द्या, एवढं सांगितलं असतं तर ती वाचली असती. मला माहीत होतं.

“हिस्ट्री काढा मावशी,” मी म्हटलं, “आन् शेवटपर्यंत बघा.”

फोन कानाला धरून बसले. फटके. ती मला हाक मारत होती, ताई, ताई. मग बंद. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

नंतर व्हिडिओ लावला. नकुशी आता कॅमेऱ्याकडे बघते. आधी बघत नव्हती.

११ जून, बुधवार
व्हिडिओत चेहरा ओळखू येणारे तिघंच. दोघं गेले. तिसरा पांढऱ्या टोपीचा, हात पार डोक्यावर उगारलाय मेल्यानं. त्याचा फोन काही येत नाही. हा सुटणार? नकुशी, तू याला विसरलीस काय?

मी नाही विसरणार. दुपारी व्हिडिओतून त्याचा फोटो काढून साइटच्या पहिल्या पानावर चढवला. ‘नकुशीला मारणारा अजून मोकळा!’ लोक भराभर पुढं पाठवताहेत.

१२ जून
सकाळी यार्डात लोकांनी ओळखला त्याला. फुलं उतरवत होता. गर्दीनं चपलांनी बडवला, खिडकीतून सगळं दिसलं. मी खाली गेले नाही. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला. म्हाळू नाव.

सतीश फाईल घेऊन आला. लगेच लावली. नकुशी ओरडते, म्हाळू, पोरीला धर. तो पोर खाली ठेवतो, मध्ये घुसतो. तो उगारलेला हात फटका झेलायला होता.

तिचा धाकटा भाऊ.

हेच सांगणार होतो, सतीश म्हणाला. निघून गेला. फोन लागत नाही.

१३ जून
बाजारभाव दाबलं — तोच व्हिडिओ. हवामान — तोच. माझ्या मोबाइलवर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. गर्दीत हिरव्या ड्रेसातली एक पोरगी. हातात चप्पल. तो ड्रेस आत्ता माझ्या अंगात आहे.

डिलीट केला. परत आला. वायर उपटली. गोल फिरतोच आहे. एक्केचाळीस. अडकू दे. कुणी हात लावू नका. मी पण लावत नाही —

१३ जून, दुपारी
दार उघडत नाही. खाली भर बाजार, हाका मारतेय, कुणी वर बघत नाही.

नकुशी, मी तुझ्या बाजूनं होते गं. तुझ्यासाठीच केलं. मोठ्यानं म्हटलं तसं —

तिचे ओठ हलले. आवाज बंद होता, तरी ऐकू आलं.

“इचारायचं तरी व्हतं, बाई.”

गोल थांबला. बेचाळीस. मी हात नाही लावलेला, आई शप्पथ, मी नाही —

त्रेचाळीस. फटका व्हिडिओत नाही, माझ्या पाठीमा