आत्याचं गाणं, सुधारलेलं

३ मार्च
आत्याची पंचाहत्तरी पंधराला. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, आता नुसती कुजबुजते. तरुणपणीच्या गाण्याची एकच कॅसेट उरली आहे. ती कॉम्प्युटरवर उतरवायची आणि कार्यक्रमात वाजवायची. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच, म्हणून मीच पुढे झालो. बायको म्हणाली, नुसतं उतरव, डोकं चालवू नकोस. तिला कलेतलं काय कळतं.

४ मार्च
उतरवलं. शेवटी टेप प्लेअरमध्ये गुरफटली आणि तुटली. बिघडलं काय? फाइल आहे. कॅसेट कचऱ्यात.

६ मार्च, सकाळ
आत्या फार खाली गाते. मी सोबत गाऊन पाहिलं, जुळेना. म्हणजे तिचीच पट्टी चुकली, माझा सूर शाळेपासून पक्का आहे. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी वर न्यायची सोय आहे. चांगली चढवली. आता माझ्याशी झकास जुळतं.

८ मार्च
गाणं सात मिनिटांचं. इतकं कोण ऐकतं? दाबून पाच मिनिटांत बसवलं. आवाज तोच राहतो, फक्त घाई होते.
एक अडचण. मध्येच आतोबांचं ‘वा’ आहे. चढवलेल्या पट्टीत ते चिमणीसारखं वाटतं. गेलेल्या माणसाचं हसं नको, म्हणून कापलं. सगळं जुन्याच नावाने सेव्ह केलं. पसारा मला आवडत नाही.

१५ मार्च, रात्री
झाला कार्यक्रम. गाणं सुरू होताच मागून कुणीतरी विचारलं, कार्टून लावलंय का. सगळे हसले. बायको फरशीकडे बघत बसली.
आत्या डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एका जागी तिने बोट वर केलं. गाणं पुढे गेलं, बोट तसंच राहिलं. नंतर मला जवळ बोलावून विचारलं, ह्यांचं ‘वा’ कुठे गेलं? तांत्रिक अडचण, आणून देतो, म्हणालो. तिच्याकडे बघवलं नाही.

१६ मार्च
पट्टी खाली आणली, लांबी पुन्हा सात मिनिटं केली. आत्या पिंपात बसून गातेय असं वाटतं. फाइल एकदा बंद केली की अनडू चालत नाही, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली.  

१८ मार्च
मार्ग सापडला. ‘वा’ म्हणायला काय तालीम लागते? बाथरूममध्ये जाऊन मीच म्हटलं. पट्टी उतरवली, जरा ताणलं, हुबेहूब आतोबा. नेमकं समेवर बसवलं. आत्याला कळायचं नाही.

२० मार्च
आत्याकडे गेलो. गाणं लावलं. तिचं बोट वर गेलं. लगेच ‘वा’ आलं. ती हसली. मला वाटलं, जिंकलं.
मग कुजबुजत म्हणाली, बोट मी त्यांना गप्प करायला वर करायचे. ते कधीच थांबले नाहीत, सम यायच्या आधीच म्हणून टाकायचे. इतकं वेळेवर त्यांना उभ्या जन्मात जमलं नाही.
 चहा केला माझ्यासाठी. त्यात साखर नव्हती, मी मागितली नाही.