हेडमास्तरचं पॅकेज

३ मार्च

पुन्हा परत पाठवलं! दादाच्या प्रोग्रामचं पॅकेज. कारण काय, तर माहितीची फाईल ‘जुन्या पद्धतीची’ आहे. अरे, मागच्या महिन्यात तूच सांगितलेल्या पद्धतीने लिहिली होती ना! तेव्हा ती नवी होती. आता आणखी नवी आली म्हणे.

हा हेडमास्तर. मीच ठेवलेलं नाव. कधी समोर पाहिला नाही, पण शेरे इतके आलेत की चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. या मोफत सॉफ्टवेअरच्या भांडारात सगळेच फुकट राबतात — पॅकेजं तपासून आत घेणारा तोही, ती पाठवणारी मीही. मग एवढा तोरा कशाचा?

५ मार्च

चहा पिता पिता बाबांनी विचारलं, “नव्या आवृत्तीत आहे ना गं त्याचं नाव?”

दादाने लिहिलेला, अंधांना मजकूर वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. दादा गेल्यापासून तो मी सांभाळते. भांडाराची नवी आवृत्ती आली की बाबा ती घरच्या संगणकावर बसवून घेतात आणि ‘लेखक’ या शब्दापुढे दादाचं नाव बघत बसतात. बाकी त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

“आहे, बाबा.” चक्क थाप मारली.

९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सगळं नव्याने लिहिलं. परवाना वेगळ्या फाईलीत हवा, दुवे वेगळ्या ओळीत हवेत, नखरे किती! शेजारची अकाउंटंट म्हणाली, “फुकटचं काम आणि वर बोलणी खायची? सोड की!”

सोडेन. आधी त्याला इंगा दाखवते.

१० मार्च

घेतलं एकदाचं! कौतुकाचा शब्द नाही. ‘ठीक. पुढच्या वेळी वेळेत पाठवा.’

वेळेत?! नियम तू बदलायचे आणि वेळ मी पाळायची? थांब, बेट्या.

१४ मार्च

सापडला!! त्याचं स्वतःचं पॅकेज उघडून पाहिलं. आत एक जुना भाग तस्साच — नव्या नियमाने साफ बंदी असलेला. लोकांना शहाणपण शिकवतो आणि स्वतःच्या घरात हा पसारा! हसू आवरेना. नवऱ्याने आतून विचारलं, “काय झालं गं?”

“देव पावला!”

नियम मोडणारं पॅकेज तक्रार आली की काढून टाकतात. पण लगेच तक्रार करणार नाही. १९ला नव्या आवृत्तीचं दार बंद होतं, मग पुढच्या आवृत्तीपर्यंत कुणालाच आत घेत नाहीत. आदल्या दिवशी टाकीन. दुरुस्तीला सवडच मिळता कामा नये. आपलं काही त्याच्यावर अवलंबून नाही ना? आमच्या फाईलीतली आधाराच्या पॅकेजांची यादी पाहिली. त्याच्या पॅकेजचं नाव नाही. मग झालं तर!

१८ मार्च

टाकली तक्रार. कोणता नियम, कोणती ओळ, सगळं सविस्तर. शेवटी त्याचंच वाक्य त्याला परत दिलं — ‘पुढच्या वेळी वेळेत पाठवा.’

नवरा म्हणाला, “इतकं मनाला लावून घेऊ नये गं.” का नाही? माझ्या दादाला दारात ताटकळत ठेवलं त्याने! आज शांत झोपेन.

१९ मार्च

उडालं! हेडमास्तरचं पॅकेज बाहेर! दुपारी दार बंद झालं. अकाउंटंटला कॉफी पाजली. “कसली खुशी?” म्हणाली. नुसती हसले.

नंतर — घरी येऊन काढलेल्यांची यादी पुन्हा उघडली, त्याचं पॅकेज डोळे भरून पाहायला. खाली आणखी दोन नावं. दुसरं दादाच्या प्रोग्रामचं.

मधे एक आवाजाचं पॅकेज आहे. ते हेडमास्तरच्या आधाराने चालतं आणि आपलं त्याच्या आधाराने. मी फक्त आमची फाईल पाहिली, मधल्याची उघडलीच नाही. आधाराचं गेलं तसं यंत्राने त्यावर चालणारं सगळं काढून टाकलं. आणि दार बंद. मीच दिवस निवडला होता.

२० मार्च

हेडमास्तरची मेल. रागाचा एक शब्द नाही. ‘तो भाग नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. त्याच्याशिवाय तुमच्या भावाचा प्रोग्राम बोलत नाही. आजारपणात त्यांनी मला विनवलं होतं, म्हणून ठेवला होता.’

बाबा विचारतायत, नवी आवृत्ती कधी येणार.