जुन्या फाइलीतले डोळे

रविवार, २ नोव्हेंबर

आईचे डोळे काचेला चिकटून राहिले.

नागसेनच्या लग्नात स्टेजवर ठेवायचा म्हणून बाबांनी फोटो भिंतीवरून उतरवला. फ्रेमची मागची बाजू ओलीने फुगली होती. मी स्टुडिओतून येईपर्यंत थांबायला हवं होतं. त्यांनी खिळे काढले, काच उचलली – आणि फोटोचा वरचा पापुद्रा काचेबरोबर आला. कपाळापासून नाकापर्यंत. खाली उरला पांढरा कागद, ओठ, हनुवटी, पदर.

मी आले तेव्हा ते फ्रेम मांडीवर घेऊन बसले होते. "नुसतं पुसायलो होतो," एवढंच म्हणाले.

आईचा दुसरा फोटो नाही. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता. मतदार ओळखपत्रावर आहे तो काळा डाग. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची, नागसेन दोनचा. मला तिचा चेहरा आठवत नाही, हा फोटो आठवतो. आत्या आली की आधी फोटोकडे बघते, मग माझ्याकडे. "बाकी समदं बापाचं घेतलंय पोरीनं. डोळे तेवढे आईचे."

लग्न तीस तारखेला. फोटो पुन्हा छापायचा. तो स्टुडिओच्या मालकांनी, अप्पांनीच बनवला होता; फाइल त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर असणार. सोपं काम आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सोपं नाही.

अप्पांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे. मी स्टुडिओत कामाला लागले तेव्हा मीच तो वर टाकायला लावला, नवा घेतला आणि त्यावर आल्बमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली. निर्णय बरोबर होता. जुना आता सुरूच होत नाही. हार्ड डिस्क काढून नव्याला जोडली. डिस्क शाबूत. फाइल सापडली – "प्रेमानंद मिसेस", बाबांच्या नावावरून अप्पांनी दिलेलं नाव.

दोनदा क्लिक केलं. उत्तर आलं: ही फाइल या आवृत्तीत उघडत नाही.

त्याच फोल्डरमधल्या आणखी काही फाइली लावून पाहिल्या. एकही नाही. म्हणजे बिघाड फाइलीत नाही, आवृत्तीत आहे. हे एका अर्थी बरं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नागसेनने विचारलं, मूळ फोटो कुठाय? त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

आमच्या कमलनगर भागात पूर्वी माणूस गेलं की नेण्याआधी फोटोवाल्याला बोलवायचे. पुष्कळांचा तो पहिला आणि शेवटचा फोटो. डोळे अर्थातच मिटलेले. पुढे घर बांधलं, भिंत झाली, की तो फोटो घेऊन लोक शिवशंकर अप्पांच्या स्टुडिओत यायचे – "अप्पा, डोळे उघडून द्या." अप्पा फोटो स्कॅन करायचे आणि त्यावर कुणा जिवंत माणसाचे डोळे बसवायचे. यात कुणाला काही गैर वाटत नसे. अजूनही वाटत नाही.

आईचा तसाच केला. मी पाचवीत असताना. काम झाल्यावर मिटलेल्या डोळ्यांचा फोटो बाबांनी घरी आणला नाही. कुठे गेला, सांगत नाहीत.

म्हणजे तो आता फक्त त्या फाइलीत आहे. खालच्या थरात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. मुलगा नम्र होता.

"मॅडम, व्हर्जन पाचच्या आधीच्या फाइली नवीन व्हर्जनला सपोर्ट नाहीत."

"मग मधली आवृत्ती द्या. तिच्यात उघडून पुढे आणते."

"ती बंद केलीय, मॅडम. आपण फोटो परत काढून घ्या ना."

"फोटो माझ्या आईचा आहे. ती नाही."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग – "सॉरी मॅडम. आणखी काही मदत करू शकतो?"

मी नाही म्हटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नागसेनने काचेचा आणि कागदाचा, दोन्हींचा फोटो मोबाइलवर काढून कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घातला. मिनिटात आई तयार. पूर्ण चेहरा. पापण्या दाट, गाल भरलेले, दात दिसतील इतकं हसू.

"बघ अक्का, हसायलीय पण. तू कामून एवढी धडपड करायलीस?"

मी मोठं करून पाहिलं. कातडीवर एक छिद्र नाही. कानातली फुलं दोन वेगवेगळी. हे मी सांगितलं नाही. मोबाइल बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. बराच वेळ पाहिलं.

"चांगली हाय," म्हणाले. "कुणाची आई हाय ही?"

नागसेन हसला. मग हसणं थांबवून मोबाइल खिशात घातला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अप्पांशी सविस्तर बोलले. शेजारचे बसवंतप्पा शिंपी चहा घेऊन आले होते.

जुन्या सॉफ्टवेअरची सीडी अप्पांनी जपून ठेवली आहे. विचारलं, तुम्ही डोळे कुणाचे बसवायचात? बसवंतप्पांनीच उत्तर दिलं. "माझे, दुसऱ्या कुणाचे? ह्यानं मला मशीनवरून उठवायचं, स्टूलवर बसवायचं, फोटो काढायचा. निम्म्या तालुक्यातले मेलेले माझ्या डोळ्यांनी बघायलेत. कमलनगरात उधारी बुडवून कुणी लपायचं म्हणलं तर जागा न्हाई."

"गप बस की," अप्पा म्हणाले.

"पर मी मेल्यावर कुणाचे लावशील रे?"

"तू आधी मर तरी. मग बघू."

मी विचारलं, "अप्पा, बायकांना कुणाचे लावायचात? माझ्या आईला?"

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "इतक्या सालाची गोष्ट. उघडशील तवा दिसंलच की."

ते बहुतेक चंद्रम्मांचे, त्यांच्या बायकोचे असणार. त्यांच्याइतकी जवळ दुसरी कोण बाई होती? म्हणजे आत्या माझ्यात जे बघते ते चंद्रम्मांचं.

घरी येऊन बाबांना विचारलं. काच अजून त्यांनी टाकलेली नाही. कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय.

"आईला डोळे कुणाचे लावले होते?"

"तिचेच हाईत," बाबा म्हणाले.

"तिचे मिटलेले होते, बाबा."

"सांगितलं न्हवं? तिचेच."

वाद घातला नाही. परकीचे असले तरी चालतील. इतकी वर्षं आमच्याकडे त्यांनीच पाहिलंय. तेच डोळे परत पाहिजेत, अ‍ॅपचे नकोत.

सोमवार, १० नोव्हेंबर

सीडी नव्या कॉम्प्युटरला चालत नाही. जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजलाच चालतं. शिवाय त्याला चावी लागते – पेन ड्राइव्हसारखी दिसणारी, कंपनीने दिलेली. ती खोचल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

"चावी कुठाय, अप्पा?"

"देव्हाऱ्यात."

मला वाटलं चेष्टा करताहेत. नाही. स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या फळीवर, बसवण्णांच्या फोटोसमोर, लाल कापडावर. दर खंडेनवमीला कॅमेऱ्याबरोबर हिचीही पूजा. हळद, कुंकू, अक्षता, वर फुलाने पाणी शिंपडणं. सॉफ्टवेअर बदललं तरी चावीची पूजा चालूच. गेल्या महिन्यातली हळद अजून तशीच होती.

"अप्पा, ही इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे."

"म्हणून तर. एवढी महागाची वस्तू, हिची पूजा करायची न्हाई तर काय त्या स्टूलाची?"

टोकाच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या आहेत. भोकात कुंकवाचा खडा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चावी साफ केली. खोडरबर, स्पिरिट, जुना ब्रश. कॉम्प्युटरला लावली. तिचा लाल दिवा लागून लगेच विझला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वरचं प्लॅस्टिक उघडलं. हळद आतपर्यंत गेलीय. एका जोडावर पिवळा थर, दगडासारखा. सुईने खरवडला, स्पिरिट लावलं, वाळू दिलं. अप्पा मागे उभे होते. कुंकू पुसलं तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. बहुतेक देवाची माफी मागितली.

जोड ढिला होता, पुन्हा सोल्डरचा डाग दिला. दिवा लागला. वाट पाहिली. विझला नाही.

अप्पा म्हणाले, "बघ. इतकी सालं पूजा केल्यानंच टिकलीय."

मी प्लॅस्टिक परत बसवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आता फक्त जुनं विंडोज पाहिजे. भालकीतल्या दोन स्टुडिओंना फोन केले. दोघांनीही नवं घेतलंय.

आत्या आली होती. लग्नाची बोलणी, आहेर, मग मी. "धाकट्याचं व्हायलंय आन ही बसलीय चावी घासत. पोरी, त्या मेलेल्या फोटोच्या मागं किती लागशील? नागसेननं दिला की करून."

"तो आईचा नाही."

"तुला काय ठावं? तू एवढीशी होतीस."

खरं आहे. मला ठाऊक नाही. म्हणूनच फाइल पाहिजे.

रविवार, १६ नोव्हेंबर

लग्नपत्रिका उदगीरला अमरनाथच्या छापखान्यात छापल्या होत्या. बाकीचा गठ्ठा आणायला नागसेन गेला आणि परत येऊन सहज बोलला – "अमरनाथकडे कसला कॉम्प्युटर हाय अक्का, डबडं. हिरवं मैदान, निळं आभाळ असलेला."

मी लगेच अमरनाथना फोन केला. व्हय, जुनंच विंडोज. त्यांची पत्रिकेची अक्षरं नव्यावर नीट उमटत नाहीत म्हणून ठेवलंय. "नेट जोडलं की आपोआप अपडेट होतंय आन बिघडतंय. म्हणून नेटची वायरच कापून टाकलीय."

असा शहाणा माणूस पंधरा दिवस पत्रिका छापत होता आणि मी भालकीला फोन करत होते.

बुधवारी दुपारी या म्हणाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कमलनगरहून उदगीरची जीप. चावी रुमालात, सीडी वहीत, फाइलीच्या दोन प्रती दोन पेन ड्राइव्हवर.

अमरनाथनी खुर्ची रिकामी करून दिली. सीडी चालली. चावी खोचली, दिवा लागला. प्रोग्रॅम उघडला – त्याची ती निळी खिडकी मी लहानपणी अप्पांकडे पाहिलेली. फाइल निवडली. पट्टी हळूहळू भरत गेली. अमरनाथ गिऱ्हाइकाला म्हणत होते, "थांबा जरा, बाईचं काम नाजूक हाय."

उघडली.

आई जशी भिंतीवर होती तशी. तशीच.

मग थर बघितले. वर पदराचा रंग. त्याखाली मागची निळी भिंत. त्याखाली डोळे. सगळ्यात खाली मूळ फोटो. वरचे तिन्ही लपवले.

खाली उजेडात ठेवलेलं माणूस. अंगण असावं. केस विंचरलेले, कपाळाला हळद. डोळे मिटलेले. ओठ थोडे उघडे, जणू काही सांगता सांगता डोळा लागला. उजव्या भुवईत एक बारीक खूण आहे. अप्पांनी ती पुसून टाकली होती. मला ती पहिल्यांदाच कळली.

म्हातारी कुणीतरी दिसेल असं का वाटलं होतं मला? फोटोतली बाई माझ्या वयाची आहे.

अमरनाथनी पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

फाइल नव्या सॉफ्टवेअरला चालणार नाही, म्हणून एकेक थर साधा फोटो म्हणून वेगळा साठवला. चारही. पेन ड्राइव्हवर आलेत का ते तपासलं. डोळ्यांचा थर मी तिथे वेगळा उघडून पाहिला नाही. शेवटच्या जीपची वेळ झाली होती, आणि आजच्यापुरतं एवढं पुरे होतं.

बाबांना भुवईतल्या खुणेबद्दल विचारलं. "गाईनं शिंग मारलं होतं तिला," म्हणाले. "लग्नाच्या आधी." जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. "सापडली का मग?"

"सापडली."

ठरवलंय – खूण ठेवायची. डोळे तेच बसवायचे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

डोळ्यांचा थर उघडला. अप्पांनी त्या फोटोतले फक्त डोळे ठेवून बाकीचं झाकून टाकलं होतं. वेगळा साठवताना ते झाकण गळलं आणि पूर्ण फोटो आला. पांढरा सदरा, दोन वेण्या, लाल रिबिनी. नवोदय शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला. पाचवीतली मी.

अप्पांनी मान वर केली नाही. "तुझा बाप म्हणला – लेकीचे लावा, ते तिचेच हाईत."

फोटो लहान आहे, स्टेजवरच्या छपाईला पुरणार नाही. शिवाय ती लहान मुलगी आहे. मी दिवे लावले, कॅमेरा अप्पांच्या हातात दिला आणि स्टूलवर बसले.