आत्याचा कुलमुखत्यार

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात. मनमाडच्या गोजराआत्याने गेल्या वर्षी मला मुखत्यारपत्र करून दिलं. आतोबा रेल्वेत होते, त्यांच्या मागे तिची पेन्शन नाशिकच्या बँकेत जमा होते. मोतीबिंदूमुळे तिची सही जुळत नाही. ऑपरेशनचे पैसे मी काढायचे. डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका. एवढ्या भाच्यांत तिने मलाच निवडलं, म्हातारीला माणसाची पारख आहे. संजनाचं म्हणणं, बँक आपल्या गल्लीत आहे म्हणून. बायकोला नवऱ्याचं मोठेपण कधी दिसत नाही.
उद्या सकाळी पहिलं काम बँक.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बँकेत गेलो. तेजस्विनी मॅडम म्हणून नवीन ऑफिसर आहे, कालची पोर. म्हणे, आत्या हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, असं नोटरीसमोर लिहून आणा. आणि एकदा त्यांच्याशी बोलणं करून द्या. थोडक्यात, माझ्यावर विश्वास नाही. बघतोच.

१० फेब्रुवारी, सोमवार
जोरदार तयारी. माजी नगरसेवकाच्या लेटरहेडवर दाखला घेतला, सोसायटीच्या चेअरमनचा घेतला, भजनी मंडळाचाही घेतला. तिन्हींत मी सचोटीचा आणि निर्व्यसनी. मॅडमनी शांतपणे वाचले. म्हणाल्या, काका, तुम्ही सज्जन आहात हे कळलं, पण आत्यांचं काय?
काका म्हणाली.
आत्याचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. हातात ठोस काही नसताना बोलायचं काय? मनमाडला जाऊन येणार होतो, पण गाडीला गर्दी असते आणि माझी कंबर नाजूक.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आत्या ओट्याची पायरी चुकून पडली म्हणे. संजना तडक मनमाडला गेली. बायका लगेच भावनेच्या आहारी जातात. मी मात्र कामाला लागलो. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो: ‘सदर गोजराबाई यांना मी नुकताच समक्ष भेटलो असून त्या हयात व सुखरूप आहेत.’ तसा भेटलेलो नाही, पण काळजी रोज करतो, ते भेटण्यासारखंच. शिक्का काय सुरेख उमटलाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बाराच्या सुमारास बँकेत हजर. चार लोकांना कळावं म्हणून प्रतिज्ञापत्र मॅडमना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘नुकताच समक्ष भेटलो’ इथे आलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “कवा रे, मल्हारी?”
आत्या. कपाळावर टेंगूळ, शेजारी संजना. दोघी पहाटेच निघाल्या होत्या. पैसे अंगठ्यावर निघाले होते आणि मुखत्यारपत्र रद्द करायचा अर्जही देऊन झाला होता. मी म्हटलं, आत्या, तुझ्यासाठीच तर धावपळ चालली होती.
आत्या आवाजाच्या रोखाने बघत म्हणाली, “मी जिती हाय, हे लिहून आनलंस. येऊन पाह्यलं नाय.”
लाज वाटली. मग म्हणालो, निदान ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मी थांबतो, घरचं माणूस लागतं.
आत्या म्हणाली, “घरचं मानूस हाय माझ्यासंगं.” आणि संजनाचा हात चाचपून धरला.
दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. मला चल म्हणालं नाही कोणी.