सावलीइतका झगा

२६ ऑक्टोबर

पोहोचलो. डॅन्यूबकाठची गावं मला सगळी सारखीच वाटतात, पण इथं स्टेशनवर खुद्द थिएटरचे संचालक खरालांपी न्यायला आले होते. वीस वर्षं गावोगाव फिरून ऑपेरा गाणाऱ्या माणसाला न्यायला सहसा कुत्रंही येत नाही. आज दिमित्री संताचा सण, त्यामुळे कँटीनमध्ये मेंढ्याचं मटण होतं आणि वर रकिया, इकडची फळांची दारू. दाबून जेवलो.

सहा डिसेंबरला, निकोला संताच्या सणाला, इथं गावचा स्वतःचा ऑपेरा होतो. नदीत बुडालेला राजा शेवटच्या अंकात रंगमंचाखालून गातो. त्याला खर्जातला गायक लागतो, तो मी. खरालांपी म्हणाले, जमलं तर कायमची नोकरी, पेन्शनसकट. बॅगेत संसार घेऊन हिंडायचा मला वीट आलाय. ही नोकरी मला हवी आहे, अगदी लाज सोडून हवी आहे.

घरी कोण असतं, असंही त्यांनी विचारलं. कोणी नाही, म्हणालो. आमच्या धंद्यात असंच सांगायचं असतं, कारण बिनपाशाच्या माणसाला आधी बोलावतात. माझी लेक रुम्याना तिकडे परदेशात, वालेन्सियाला नोकरी करते आणि दर रविवारी फोन करते. बापाने आपल्याला नाहीसं केलं हे कळलं तर पोरगी आठवडाभर टोमणे मारेल.

२७ ऑक्टोबर

कपडेपट सांभाळणाऱ्या स्तामेना मावशींनी माप घेतलं. रंगमंचावर उभं करून एकच दिवा लावला आणि माझं सोडून फळ्यांवरच्या सावलीचं माप घेतलं, लाल दोऱ्याने, डोक्यापासून टाचेपर्यंत. राजाचा झगा सावलीइतका लांब हवा, अशी इथली रीत आहे म्हणे. मावशी, पोटाचं माप राहिलं, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, पोटाचं काय घेऊन बसलास, आज आहे उद्या नाही. कोरसमधल्या बायका पदराआड हसावं तशा हसल्या. थिएटरवाल्यांच्या रीतींना मी नावं ठेवत नाही. मीही रंगमंचावर कधी शीळ घालत नाही.

रंगमंचाच्या कमानीला दोन्ही बाजूंनी तडे गेलेत, बोट जाईल एवढे. कुंचो नावाचा म्हातारा गवंडी डावीकडचा बुजवतोय.

४ नोव्हेंबर

पहिली तालीम. काय घुमतं हे थिएटर! डावी भिंत माझा सूर क्षणभराने परत देते, आणि तोही भरदार करून. खरालांपी मान डोलावून म्हणाले, भिंतीला तुम्ही आवडलात. मला इतकं बरं वाटलं की जेवायचं विसरलो.

१३ नोव्हेंबर

खोकला आहे. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. डॉक्टर म्हणतो, काही नाही, हवा बदलली. आवाजही पातळ झालाय, पण भिंतीतून येणारा मात्र आणखी दाट. कोरसच्या बायका सूप आणून देतात आणि जाताना माझा दंड चाचपून बघतात, बाजारात मेंढी बघावी तसा. झग्याचं विचारलं तर मावशी म्हणतात, घाई कसली.

१९ नोव्हेंबर

आज डाव्या भिंतीचा पोपडा पडला. आत लाल दोरा.

माझा आजा गवंडी होता. तो सांगायचा, भिंत टिकत नसेल तर आल्यागेल्याची सावली दोऱ्याने मोजायची आणि दोरा भिंतीत चिणायचा. माणूस चाळीस दिवसांत खंगून मरतो आणि त्या इमारतीचा राखणदार होतो. आम्ही पोरं हसायचो. मावशींसमोर मी ताठ उभा राहिलो, वर पोटावरून विनोदही केला. गवंड्याचा नातू आणि एवढा गाढव!

किल्लीने दोरा उकरायला लागलो. कुंचोने येऊन माझा हात धरला, लहान मुलाचा धरावा तसा. म्हणाला, आता ओढलास तर आजच जाशील. गावातल्या माणसाची सावली आम्ही घेत नाही, फिरत्याची घेतो. मागे रडणारं कोणी नाही, असं तूच म्हणालास ना बाबा?

२० नोव्हेंबर

स्टेशनवर गेलो. पुलापुढे श्वासच येईना. पोलिसाने दोन्ही हातांनी उचलून परत थिएटरच्या दारात आणून ठेवलं. त्यालाही माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे.

२८ नोव्हेंबर

उन्हात उभा राहिलो. सावली नाही.

तालमीत मी नुसते ओठ हलवले. भिंत गायली, जन्मात मला लागला नाही असा खालचा सूर. खरालांपींच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी पक्की, म्हणाले. आणि मला — हे लिहायची लाज वाटते — क्षणभर आनंद झाला.

१ डिसेंबर

रविवार. रुम्यानाचा फोन. कुजबुजण्यापलीकडे आवाज निघेना. ती म्हणाली, बाबा, घसा बसलाय का, मी खेळाला येतेय, तिकीट काढलंय. येऊ नकोस म्हणालो. परत म्हणालो. तिला ऐकूच गेलं नाही —

नंतर फोन लागेना. चिठ्ठी लिहून पोस्टात दिली. संध्याकाळी ती मावशींच्या टेबलावर.

४ डिसेंबर

रुम्यानाने पत्ता विचारायला थिएटरात फोन केला. तो मावशींनी घेतला. माझ्यावर रुसल्या. एवढी लेक आहे आणि आमच्यापासून लपवलीस, आम्ही काय परके?

मग म्हणाल्या, कमानीची उजवी बाजू अजून उघडीच आहे. तरुण माणसाची सावली जास्त वर्षं धरते.

पाय धरले मी त्यांचे. त्यांनी केसांवरून हात फिरवला. पुंजका हातात आला.

६ डिसेंबर

मला रंगमंचाखाली बसवलंय. दार बाहेरून बंद. फळ्यांच्या फटीतून दिसतं —

कुंचो उजव्या भिंतीपाशी. घमेल्यात ओला चुना.

रुम्याना आली. निळा कोट. बाबांना आधी भेटते म्हणतेय. मावशी म्हणतात, खेळानंतर भेट. राजाच्या लेकीला नवा झगा नको का —

एकच दिवा लावला.

मी ओरडलो. सगळा जीव घशात आणून. रुम्याना, पळ —

डाव्या भिंतीतून नुसता सूर निघाला. शब्द नाहीत. खोल, सुंदर, माझा.

रुम्याना टाळ्या वाजवतेय. सगळ्यांना सांगतेय, ऐकलंत, हे माझे बाबा —

लाल दोरा उलगडला मावशींनी. ताठ उभी राहा पोरी, म्हणतात, हलू नकोस. सावलीच्या डोक्याशी एक टोक धरलंय. वाकून मागे येतायत. कमरेपर्यंत — गुडघ्या —

हल ग. एकदा तरी ह